रुंदी ठरवतो बर्फ, लेबल नव्हे

भिलाईच्या पोलाद कारखान्यात लाटला जाणारा, मीटरला ६० किलो भरणारा रूळ आडवा कापला तर त्याचा आकार लक्षात राहण्याजोगा दिसतो. वरचा माथा ७२ मिलिमीटर रुंद, मध्ये बारीक मान आणि खालचा पाया तब्बल १५० मिलिमीटर. भिलाईजवळचे चरोदा गाव ज्या मार्शलिंग यार्डाभोवती वाढले, तिथल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. त्याचे कारण मात्र सांगण्यासारखे आहे. वर पोलादाची पोलादाशी गाठ असते, तिथे थोडी पण नेमकी जागा पुरते. खाली तोच भार स्लीपरवर आणि खडीवर पसरवायचा असतो, तिथे रुंदी लागते. टणकाशी अरुंद आणि मऊशी रुंद, असा हा सरळ हिशेब. रुळाला दोन्ही रुंद्या एकाच वेळी बाळगता येतात. बर्फावर घसरायच्या स्कीला ती सोय नाही. सकाळी गोठून काचेसारखा झालेला उतार असो की रात्रभर पडलेला गुडघाभर भुसभुशीत बर्फ, तिला एकाच तळाने दोन्हीकडे निभावावे लागते. 'ऑल-माउंटन' म्हणजे डोंगरभर कुठेही चालेल अशी स्की, ही तडजोडीचीच वस्तू आहे. त्यातही सराईत स्त्रियांसाठी म्हणून विकली जाणारी, मध्यभागी ९० ते १०० मिलिमीटर रुंदीची स्की हा आज बाजारातला ठळक प्रकार आहे. या स्कीची रुंदी, लांबी आणि ताठपणा ठरतो तो बर्फ, वजन आणि वेग या तीन गोष्टींवरून. 'स्त्रियांसाठी' हे लेबल त्या तिघांनंतर येते, आणि अनेकदा आलेच नाही तरी चालते, असे माझे म्हणणे आहे.

आधी वस्तूची ओळख. स्कीचे पुढचे टोक रुंद, मधला भाग अरुंद आणि शेपटाकडे ती पुन्हा रुंद होते. विक्रेते रुंदी म्हणून जो आकडा सांगतात तो मधल्या भागाचा, म्हणजे बुटाखालचा. स्की कलती केली की ही आत वळलेली बाजू बर्फात रुतते आणि स्की आपोआप कमानीसारखी वाकून वळण घेते. रुतण्याचे काम दोन्ही बाजूंच्या पोलादी कडा करतात. ऑस्ट्रियातल्या रुडॉल्फ लेटनरने १९२०च्या दशकात या कडा बसवल्या, त्याआधी लाकडाची कड टणक बर्फावर लवकर बोथट होई. पुढे कित्येक दशके स्की लांब आणि अरुंदच राहिली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ॲटॉमिक कंपनीच्या रुपर्ट ह्यूबरने स्नोबोर्ड उभा चिरून त्याच्या दोन रुंद स्की केल्या आणि भुसभुशीत बर्फात त्या तरंगतात हे दाखवले. १९९३च्या सुमारास एलानची खोलगट बाजूंची स्की आली आणि वळणे सोपी झाली. आजची रुंद ऑल-माउंटन स्की या दोन्ही सुधारणांमधून घडली आहे. तिच्या टोकाला पुढच्या बाजूने जो हलका उठाव देतात त्याला रॉकर म्हणतात. मऊ बर्फात टोक वर राहावे, बुडू नये, एवढ्यासाठी तो असतो.

रुंदीने नक्की किती फरक पडतो, हे ढोबळ गणिताने पाहता येते. ताज्या कोरड्या बर्फाच्या एका घनमीटरचे वजन ५० ते १०० किलो असते, यंत्राने दाबलेल्या उताराचे साडेचारशेच्या आसपास. पहिल्या प्रकारात बहुतेक हवाच असते, म्हणून त्यावर भार पसरवावा लागतो. साठ किलोची एक स्त्री घ्या. बूट, स्की, कपडे धरून ७० किलो. नुसत्या बुटांवर उभी राहिली तर दर चौरस सेंटिमीटरवर सव्वाशे ग्रॅमहून अधिक भार येतो आणि ती कमरेपर्यंत रुतते. १६५ सेंटिमीटर लांबीच्या, मध्ये ७२ मिलिमीटर रुंद स्कींवर तो भार २२ ग्रॅमच्या आसपास उतरतो. १७० सेंटिमीटर लांब आणि मध्ये ९६ मिलिमीटर रुंद स्कींवर सुमारे १८ ग्रॅम. आता सामानासह ९५ किलोचा पुरुष घ्या आणि त्याच्या पायाखाली १८४ सेंटिमीटर लांब, १०६ मिलिमीटर रुंद स्की द्या. त्याचा भार २१ ग्रॅमच्या घरात येतो. म्हणजे त्याची स्की दहा मिलिमीटरने जास्त रुंद आणि चौदा सेंटिमीटरने जास्त लांब असूनही तो तिच्याहून खोल बुडतो. एकाच रुंदीचा आकडा दोन शरीरांसाठी दोन वेगळ्या अर्थाचा असतो. हलक्या व्यक्तीला तेवढ्याच तरंगण्यासाठी कमी रुंदी पुरते, आणि ती व्यक्ती हलकी स्त्री असो की हलका पुरुष, बर्फाला त्याचे सोयरसुतक नसते.

आता लेबलाकडे वळू. बऱ्याच वर्षांची रीत अशी होती की पुरुषांची स्की घ्यायची, ती आखूड करायची, आतला लाकडी गाभा हलका करायचा, धातूचा थर काढायचा आणि वर जांभळा रंग व फुले घालायची. गेल्या पंधरा-वीस वर्षांत हे बरेच सुधारले. आज मोठ्या कंपन्या जोड्या काढतात: नॉर्डिकाची पुरुषांकरिता 'एन्फोर्सर' तर स्त्रियांकरिता 'सांता आना', व्होल्कलची 'मँट्रा' आणि 'सीक्रेट'; ब्लिझार्डची 'ब्राह्मा' आणि 'ब्लॅक पर्ल' ही जोडीही बरीच वर्षे होती. मँट्रा आणि सीक्रेट या दोन्हींच्या अलीकडच्या पिढीत मधली रुंदी ९६ मिलिमीटरच आहे. फरक असतो तो लांबीत, गाभ्यात आणि धातूत. एन्फोर्सरच्या २०२०च्या सुमाराच्या पिढीत टायटॅनलचे दोन थर होते, सांता आनात आकार देऊन कापलेला एकच. हे टायटॅनल नाव ऐकून टायटॅनियम वाटते, पण तो जस्त, मॅग्नेशियम आणि तांबे मिसळलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. पातळ पत्रा लाकडी गाभ्याला वर-खाली चिकटवला की स्की पिळवटत नाही आणि वेगात थरथरत नाही. हा थर काढला की स्की हलकी व नमती होते, आणि वेगात फडफडू लागते. मग सराईत स्त्रीच्या स्कीतून तो कमी करावा का, हा खरा प्रश्न.

कमी करण्याच्या बाजूचा युक्तिवाद साधा आहे: स्त्रियांचे वजन सरासरीने कमी, म्हणून त्यांना स्की नमती हवी, ताठ स्की त्यांना वाकवता येणार नाही. नवशिक्यांपुरते हे खरे आहे. पण वाकवणारा भार म्हणजे निव्वळ वजन नव्हे. ताशी ५४ किलोमीटर वेगाने, १५ मीटर त्रिज्येच्या वळणात शिरलेल्या व्यक्तीवर बाहेरच्या दिशेने गुरुत्वाच्या दीडपट ओढ असते. ती आणि उभे वजन यांची काटकोनातली (सदिश) बेरीज केली तर स्कीवर एकूण भार वजनाच्या सुमारे १.८ पट येतो. ७० किलोची आपली सराईत स्त्री त्या क्षणी स्कीवर १२५ किलोंहून जास्त भार टाकत असते. तेच वळण ताशी २० किलोमीटरने घेणारा ९५ किलोचा नवशिका पुरुष आपल्या वजनाहून जेमतेम दोन टक्के अधिक भार टाकतो, म्हणजे ९७ किलो. दोघांपैकी ताठ स्की कोणाला हवी, याचे उत्तर या दोन आकड्यांतच आहे. वेगाचा परिणाम वर्गाने वाढतो, वजनाचा सरळ प्रमाणात. म्हणून कौशल्य वाढत गेले की वजनातला फरक मागे पडतो. स्पर्धेच्या टोकाला हे उघड दिसले. अमेरिकेच्या लिंडसे व्हॉनने पुरुषांसाठी बनवलेल्या लांब, ताठ स्की वापरायला सुरुवात केली आणि २०१०च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये डाउनहिलचे सुवर्णपदक जिंकले. प्रत्येकीने तसेच करावे असे नाही. तिची ताकद आणि तिचा वेग असामान्य होता. पण स्त्री म्हणून स्की मऊच हवी, हा नियम तिथे मोडतो.

वजन अजिबात मोजायचे नाही, असा याचा अर्थ नाही. ते मोजायचे ते लांबीमधून. इथे एक बारकावा आहे. पट्टीची लांबी कमी केली की तिचा ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. १८४ सेंटिमीटरची स्की आहे त्याच गाभ्यासह १७० सेंटिमीटरची केली, तर ती वाकवायला सुमारे २७ टक्के अधिक जोर लागतो. म्हणजे निव्वळ आखूड केलेली 'पुरुषांची' स्की ज्या हलक्या व्यक्तीसाठी केली, तिलाच ती जास्त हट्टी वाटते. यावर उपायही तितकाच सोपा आहे: जाडी कमी करणे. ताठपणा जाडीच्याही घनावर अवलंबून असल्याने गाभा फक्त दहा टक्क्यांनी पातळ केला की तो २७ टक्क्यांनी घटतो आणि हिशेब जवळजवळ जुळतो. ब्लिझार्डसारख्या काही कंपन्या आता प्रत्येक लांबीसाठी गाभ्यातल्या लाकडाची मांडणी वेगळी करतात. हे योग्यच आहे. पण ही सुधारणा स्त्रियांच्या मालिकेत जितकी आवश्यक, तितकीच पुरुषांच्या मालिकेतल्या सर्वांत आखूड स्कीत. पाच फूट चार इंचांच्या पुरुषालाही अपमानित न होता नीट वाकणारी स्की मिळायला हवी. लांबीनुसार मापलेली रचना असेल तर लिंगाचे लेबल न लावताही बहुतेक काम होते.

एक आक्षेप गंभीर आहे, तो गुडघ्याचा. हौशी स्कीपटूंमध्ये स्त्रियांच्या गुडघ्यातला पुढचा क्रूशिएट अस्थिबंध फाटण्याचे प्रमाण पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळते. मग रुंद स्की त्यांना का सुचवायची? या प्रश्नात तथ्य आहे. टणक बर्फावर स्की कलती केली की जोर आतल्या कडेवर येतो, आणि ती कड पायाच्या मध्यरेषेपासून स्कीच्या निम्म्या रुंदीइतकी दूर असते. ७२ मिलिमीटरच्या स्कीत हे अंतर ३६ मिलिमीटर, ९६च्या स्कीत ४८. तरफेचा हात एक तृतीयांशाने वाढला, आणि तेवढाच पीळ घोटा, नडगी आणि गुडघा यांना पेलावा लागतो. मात्र हा हिशेबही रुंदीचा आणि बर्फाचा आहे. मऊ बर्फात भार कडेवर न राहता तळभर पसरतो, तिथे तरफ उरत नाही. शिवाय विश्वचषक पातळीवरच्या स्पर्धकांत स्त्री-पुरुषांतली ही तफावत जवळजवळ दिसत नाही. ताकद, सराव आणि तंत्र यांचा वाटा मोठा असावा असे त्यावरून वाटते. म्हणून आक्षेपातून निघणारा सल्ला असा: जिचा बहुतेक वेळ टणक, दाबलेल्या उतारावर जातो, तिने ८० मिलिमीटरच्या आसपासची स्की घ्यावी आणि मांड्यांची ताकद वाढवावी. रुंद स्कीवर 'लेडीज' लिहिले म्हणून तिचा हा पीळ कमी होत नाही. गुडघ्याची काळजी असेल तर प्रश्न रुंदीबद्दलच विचारावा लागतो.

दुसरा आक्षेप शरीररचनेचा. स्त्रियांचा गुरुत्वमध्य सरासरीने खाली असतो, पोटरीचा फुगीर भाग खालपर्यंत येतो, पाऊल लहान असते. याला काहीच अर्थ नाही का? अर्थ आहे, पण तो स्कीत कमी आणि बुटात जास्त. पोटरी खाली आली तर बुटाचा गळा खाली व रुंद हवाच, नाहीतर पाय पुढे ढकलला जातो आणि तोल बिघडतो. इथे स्त्रियांचा वेगळा बूट अगदी रास्त आहे. स्कीवर बूट कुठे बसवायचा, हा प्रश्न मात्र पावलाच्या मापाचा आहे. बुटाच्या तळाचा मध्य स्कीवरच्या खुणेशी जुळवतात. पण वळणात जोर येतो तो चवड्यावर. २९ सेंटिमीटरच्या पावलाचा चवडा त्या मध्यापासून जितका पुढे असतो, त्यापेक्षा साडेपंचवीसच्या पावलाचा सुमारे पाऊण सेंटिमीटर मागे राहतो. म्हणून लहान पावलाच्या व्यक्तीसाठी बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, तेवढे पुढे सरकवणे शहाणपणाचे, मग ती कोणीही असो. बाइंडिंग सुटण्याचा जोर ठरवण्याच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यातही वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांचे रकाने असतात, लिंगाचा नसतो. सुरक्षिततेसाठीचा तक्ता ज्या पाच गोष्टी विचारतो, त्याच स्की निवडतानाही विचारल्या तर फार चुकत नाही.

तिसरा आक्षेप व्यापाराचा आहे आणि त्याला नुसते झटकता येत नाही. स्त्रियांच्या मालिका निघाल्या म्हणूनच १५२ आणि १५८ सेंटिमीटरच्या चांगल्या, रुंद स्की मिळू लागल्या; त्याआधी उत्तम दर्जाच्या स्कीची लांबी १७०च्या आसपास सुरू व्हायची आणि हलक्या माणसाने तेवढ्यात भागवावे, अशी स्थिती होती. लेबलाने हे उपकार केले, ते मान्य करायला हवेत. पण त्या लेबलाने आखूड लांबीबरोबर मऊपणाही गळ्यात बांधला, हा तोटाही तितकाच खरा. स्पर्धेचे नियम यापेक्षा सरळ आहेत. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या नियमांत स्लॅलमसाठी पुरुषांची स्की किमान १६५ आणि स्त्रियांची १५५ सेंटिमीटर. जायंट स्लॅलममध्ये १९३ आणि १८८, आणि वळणाची किमान त्रिज्या दोघांनाही ३० मीटर. या दोन प्रकारांत फरक लांबीपुरता ठेवला आहे, मऊपणाचा उल्लेखही नाही. बाजाराने हाच धडा घ्यावा: लांब्या भरपूर ठेवाव्यात, आणि प्रत्येक लांबीत धातूसह व धातूविना असे दोन पर्याय ठेवावेत.

भारतात हा सगळा विचार कशाला, असेही कोणी म्हणेल. चरोद्याच्या उन्हाळ्यात तर हा प्रश्न थट्टेचा वाटेल. पण भारतीय स्त्रिया या खेळात नव्या नाहीत. १९८८च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये शैलजा कुमारने स्लॅलममध्ये भाग घेतला आणि २८वी आली. २००६मध्ये तुरिनला नेहा आहुजा गेली. २०१८मध्ये मनालीजवळच्या आंचल ठाकूरने तुर्कस्तानातल्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, आणि ते भारताचे स्कीमधले पहिले आंतरराष्ट्रीय पदक ठरले. या तिघींच्या पायाखाली अरुंद, स्पर्धेच्या स्की होत्या, कारण स्पर्धेचा उतार मुद्दाम टणक केलेला असतो. हौशी सराईत स्त्रीची गोष्ट वेगळी, आणि ती कोणत्या डोंगरावर जाते त्यावर ठरणारी. औलीचे उतार सुमारे अडीच ते तीन हजार मीटरवर आहेत. २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांतल्या स्कीच्या स्पर्धा तिथे झाल्या. दाबलेल्या, पुन्हा पुन्हा गोठणाऱ्या त्या उतारावर ८० मिलिमीटरच्या आसपासची स्की तिला अधिक साथ देईल. गुलमर्गची तऱ्हा निराळी. २००५पासून केबल कारचा दुसरा टप्पा अफरवत शिखराच्या खांद्यापर्यंत, ३,९०० मीटरच्याही वर नेऊन सोडतो. तिथे पश्चिमी विक्षोभांनी आणलेला बर्फ मोकळ्या, न दाबलेल्या उतारांवर खोल साचतो. तिथे ९६ ते १०० मिलिमीटरची, रॉकर असलेली आणि धातूचा थर राखलेली स्की हलक्या पण वेगवान स्त्रीला अगदी योग्य. हेच उतार हिमस्खलनाचेही आहेत, म्हणून स्कीच्या आधी तिथल्या गस्तीचा सल्ला, बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव देणारा बीकन आणि जोडीदार हवा; रुंद स्की बर्फावर तरंगवते, कोसळणाऱ्या बर्फातून वाचवत नाही.

तेव्हा मुंबई, नागपूर किंवा भिलाईहून काश्मीरला निघणाऱ्या, बऱ्यापैकी स्की येत असलेल्या कोणत्याही मराठी बाईने भाड्याच्या दुकानात शिरल्यावर 'लेडीज स्की आहे का' हा प्रश्न पहिला विचारू नये. आधी सामानासह आपले वजन सांगावे. मग आपण सहसा किती वेगाने उतरतो ते, न लाजता आणि न फुगवता. तिसऱ्या क्रमाला आज डोंगरावर बर्फ कसा आहे ते विचारावे. या तीन उत्तरांवरून लांबी ठरवावी, मग रुंदी, मग धातू हवा की नको. बूट मात्र आपल्या पोटरीला आणि पावलाला नेमका बसतो की नाही हे चालून पाहून घ्यावा, त्यात तडजोड करू नये. एवढे करून हातात आलेल्या स्कीवर फुले असली तर असू द्यावीत, आणि नसली तरी ती परत करू नये.